मारायचं औषध

पाण्यासारखं उदार मन कुणाचं नाही. मीठ टाका, साखर टाका, अंगाचा मळ टाका, ते सगळ्यांना आपलंसं करतं. हे थोरल्याचं मत होतं, आणि उजाडल्यापासून तो ते गंधकाच्या भुकटीला पटवून देत होता. भुकटीला पटत नव्हतं. पिंपातल्या पाण्यावर ती पिवळी साय धरून बसली होती. काठीनं दाबली की खाली जायची, काठी काढली की वर यायची, आणि वर येताना कोरडीच्या कोरडी यायची.

धाकटी वाफ्यात उभी राहून बघत होती. थोरला म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. नवरा मालट्रकवर, महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. यंदा तिनं घरात भांडून हा अर्ध्या एकराचा तुकडा आपल्याकडे घेतला आणि बावीस ओळी वाटाणा लावला. थोरल्यानं एकच अट घातली होती. पीक गेलं, तर बांध मोडायचा आणि तुकडा त्याच्या मक्यात घालायचा.

आता शेंगा भरत होत्या आणि पानांवर भुरी आली होती. कुणी चाळणीनं पीठ पाडावं तशी. गंधक त्या रोगावरचं औषध. खालची पानं पांढरी झाली होती, वरची अजून हिरवी होती. आणखी दोन दिवस गेले, की बघायलाही यायची गरज नव्हती.

त्या भांडणापासून थोरला धाकटीशी सरळ बोलत नसे. जे काही असेल ते आईमार्फत. सासू बांधावर बसून दोन्हीकडचा माल पोचवायची आणि वाटेत थोडी भर घालायची.

"आई, तिला सांग, साबण आण म्हणावं."

"साबण आण गं. अंघोळ राहिलीय त्याची."

साबण आला. पिंपात फेस झाला. फेसावर गंधक तरंगायला लागलं. थोरल्यानं तसंच पंपात ओतलं, पाठीवर घेतलं, दांडा मारला. पंप दोनदा शिंकला आणि गप्प झाला. त्यानं तोटी काढून तोंडात धरली आणि फुंकली. तोटी उघडली नाही. ओठ पिवळे झाले.

"आई, त्यांना विचारा, दुकानदार काय म्हणाला होता."

"काय रे, काय म्हणाला होता?"

"काय म्हणणार? फवारायचंय का धुरळायचंय, असं विचारत होता. मी म्हटलं, मारायचंय."

"मग?"

"मग दिलं त्यानं. गर्दी होती दुकानात."

चूक म्हणावी तर त्याची एकट्याची नव्हती. गावात औषध कुणी फवारत नाही आणि धुरळत नाही. मारतात. ढेकणांवर मारतात, कपाशीवर मारतात, पाहुणे यायचे असले की न्हाणीतही मारतात. एवढ्या कामाच्या शब्दाला दोन पर्याय असतील, हे कुणाच्या डोक्यात यावं?

दुसरी पिशवी अजून बंद होती. धाकटीनं ती उचलली आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. फक्त धुरळणीसाठी. पाण्यात कालवू नये. पानांवर दव असताना, वारा नसताना वापरावे.

तिनं मान वर केली. ऊन वरच्या दोन ओळींवर आलं होतं. तिथलं दव गेलं होतं. आणि नदीकडचा वारा आठच्या सुमाराला येतो, हे सांगायला पिशवीची गरज नव्हती.

"आई, तिला सांग, ती पिशवी इकडे दे म्हणावं. दुप्पट झाली की आपोआप बसेल खाली."

"आई, त्यांना सांगा, देणार नाही."

सासूनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"तुम्हाला दोघांनाही कान आहेत," ती म्हणाली. "मी दमले."

मग थोरला सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "आणि पीक गेलं तर?"

"तर बांध मोडा."

"कधी?"

"आज संध्याकाळी मोडा. पण आता बाजूला व्हा, दादा. ऊन चाललंय पुढं."

सासूनं गळ्याभोवतीचं जुनं मलमलचं फडकं सोडून तिच्या हातात दिलं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं, की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. धाकटीनं त्यात गंधक बांधलं, पोटली काठीला अडकवली, पदर नाकातोंडावर घट्ट गुंडाळला आणि खालच्या, सावलीतल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या काठीनं पोटलीवर हलका ठोका मारला, की पिवळा धूर सुटायचा, पानांवर उतरायचा आणि दवाला धरून बसायचा. तासभर पिंपात ज्याची मनधरणी चालली होती, ते गंधक आता न सांगता चिकटत होतं.

सातव्या ओळीला थोरल्यानं आपला पंचा सोडला. पंचातून काही पडेना. मग बनियन काढलं. त्यातून पहिल्याच ठोक्याला मूठभर पडलं.

"दादा, हळू. हळद लावून एकाच रोपाचं लग्न नाही लावायचं."

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला, आणि हळू मारायला लागला.

दोघं दोन ओळी धरून वर सरकत होते आणि ऊन समोरून येत होतं. बारा झाल्या. पंधरा झाल्या. अठराव्या ओळीच्या शेवटी पोटलीतला धूर खाली उतरायच्या ऐवजी आडवा गेला, थेट सासूच्या अंगावर. वारा आला होता. वरच्या चार ओळी कोरड्या ठणठणीत उभ्या होत्या.

"राहू दे," थोरला म्हणाला. संध्याकाळी तो कुदळ घेऊन आला नाही.

बारा दिवसांनी शेंगा तोडल्या. वरच्या चार ओळी पांढऱ्या पडून गेल्या होत्या. त्या गुरांपुढे टाकल्या. अठरा ओळी हाताला लागल्या. थोरल्यानं त्या दोनदा मोजल्या आणि बांधाचं नाव काढलं नाही.

वाटाण्याचं पीक मध्यम निघालं.