पारूबाईची खोली

पारूबाईच्या पायाला त्या दिवशी भिंगरी लागली होती. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परत गॅलरीत. मुलगा बुद्धप्रिय आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर ऑफिसच्या मीटिंगला बसला होता. तिथूनच त्यानं सांगितलं, आई, जरा बस की एका जागी, धाप लागेल. बस म्हणे! जिचा जन्म डोक्यावर पाटी घेऊन शिड्या चढण्यात गेला तिला बस म्हणायचं, आणि तेही समोर तिचंच घर चालू असताना.

घर रस्त्याच्या पलीकडेच होतं. बेळगावात उद्यमबागेच्या मागं नवीन वसाहत झाली, तिथं बुद्धप्रियनं प्लॉट घेतला आणि कामावर लक्ष राहावं म्हणून समोरच भाड्यानं राहायला आला. पोरगा विमा कंपनीत साहेब, सून सुनयना सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. पारूबाई आणि तिचा नवरा धर्मराज निपाणीकडनं इथं आले तेव्हा त्यांच्याजवळ एक थापी, एक ओळंबा आणि कडेवर हे पोर, एवढंच होतं. धर्मराज गवंडी, ही त्याच्या हाताखाली. सिमेंट खाऊन खाऊन आधी धर्मराजची छाती गेली, मग धर्मराज गेला. पारूबाईची छाती निम्मी शिल्लक राहिली. म्हणून तर पोरानं नव्या घरात खालच्या मजल्यावर आईची खोली आधी पुरी करून घेतली. जिना नको, संडास-बाथरूम खोलीतच, रस्त्याकडं मोठी खिडकी, खाली गुळगुळीत फरशी. खालचा मजला सगळा झाला होता, रंग तेवढा राहिला होता. वरचा स्लॅब उद्यावर आला होता.

आणि नेमकी कोरोनाची दुसरी लाट आली. परत सगळं बंद. सरकारनं एक सवलत ठेवली, कामगार साईटवरच राहत असतील तर बांधकाम चालू ठेवा. झकास सवलत. काम थांबू नये याची काळजी झाली, ऐन मे महिन्यात पत्र्याच्या शेडात पाच-सहा माणसं कशी राहतील याची काळजी कुणी करायची? या घराचं काम घेतलेल्या येळ्ळूरच्या भरमू मेस्त्रीनं तरी ती कुठं केली. आदल्या वर्षीच्या बंदीत त्याच्या माणसांनी काय काय भोगलं होतं ते त्यालाच ठाऊक. कामगार कार्डावर मदत येणार, येणार म्हणून सगळे वाट बघत बसले. काहींना आली, काहींना आलीच नाही, आणि भरमूच्या बायकोच्या, शालूबाईच्या, कानातली फुलं तेवढी गेली. त्यामुळं या खेपेला बुद्धप्रियनं साईटवर राहता का म्हणून विचारल्याबरोबर भरमू व्हय म्हणाला. बायको, हाताखालचे नागोजी, परशराम, मालुबाई, सगळ्यांना घेऊन शेडात आला.

बुद्धप्रियनं नियम घालून दिले. साईटसमोर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली. कामगारांनी रेघेच्या अलीकडं यायचं नाही, घरच्यांनी पलीकडं जायचं नाही. चहाची किटली आणि कागदी कप रेघेवर ठेवायचे. खालच्या मजल्याला कुलूप. हे सगळं कुणासाठी, तर आईच्या छातीसाठी. त्याच्या ऑफिसातला एक चांगला धडधाकट मित्र आठवड्यात गेला होता, घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. तेव्हापासून पोरगा रात्री उठून आईचा श्वास ऐकायचा. पारूबाईला ते कळत होतं, म्हणून ती मुकाट गॅलरीत बसायची.

पण चार दिवसांमागं तिनं एक बघितलं आणि तिचं चित्त उडालं. साईटवरचा नळ गेला होता. मालुबाई तहानेनं रेघेपर्यंत आली. बुद्धप्रिय तांब्या घेऊन खाली गेला, रेघेशी उभा राहिला आणि त्यानं वरून पाणी ओतलं. मालुबाईनं ओंजळ धरली आणि वाकून प्यायली. एवढंच.  पण निपाणीकडच्या एका गावात, पोरवयात, एका वाड्याच्या पायरीखाली पारूबाईनं स्वतः अशीच ओंजळ धरली होती. वरून पाणी ओतणाऱ्या बाईचं तोंड तिला आठवत नव्हतं, बांगड्या आठवत होत्या.

पोरगा वर आल्यावर ती त्याला बोलली. त्याला लागलं ते. तो म्हणाला, "आई, हा रोग आहे. जात नाही ही."

खोटं नव्हतं त्याचं.  तरी पारूबाई म्हणाली, "कारन तवाबी सांगायचेच की रं लोक."

तो चिडून आत गेला. दोघंही बरोबर असली की भांडण मिटायला लई दिवस लागतात. तेव्हापासून घरात नीट बोलणं नव्हतं, आणि पारूबाईला ना झोप होती ना जेवण गोड लागत होतं.

तर आज ती येरझाऱ्या घालत होती ती त्यातच. वर स्लॅबची सगळी तयारी झाली होती. फळ्या ठोकल्या होत्या, सळई बांधली होती, उद्या सकाळी मिक्सर यायचा होता. मालुबाई आणि शालूबाई खडी सारत होत्या. पारूबाईची नजर शालूबाईवर गेली आणि तिथंच अडकली. शालूबाई म्हणजे गड्यासारखी बाई, एका हातानं पाटी सावरायची, दुसरा हात मोकळा सोडून झपाझप चालायची. आज तिनं दोन्ही हातांनी पाटी धरली होती. एक खेप टाकली की भिंतीला टेकायची. आणि माणसं उन्हानं वितळत असताना तिनं पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळला होता.

ताप. पारूबाईनं स्वतः तापात पाट्या वाहिल्या होत्या, तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं मास्क लावला, चपला हातात घेतल्या आणि पोराची मीटिंग चालू असतानाच जिना उतरली. फक्कीची रेघ ओलांडताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं, तरी ती थांबली नाही.

शालूबाई तोवर शेडामागं सिमेंटच्या पोत्यांवर पडली होती. श्वास वर वर चालला होता. पारूबाई चार हातांवर उभी राहिली. भरमू कुठनं तरी धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. परवापासून ताप होता, त्यानं लपवला होता. सरांना कळलं तर काम बंद होणार, सगळ्यांना रस्त्यावर काढणार, आणि नागोजी-परशराम त्यालाच शिव्या घालणार. घरी न्यावं तर एक खोली, तीत ऐंशीची म्हातारी आई.

"आक्का, उद्याचा स्लॅब तेवढा पडू द्या," भरमू म्हणाला. "मग मी हिला कुटंबी घेऊन जातो. सरांस्नी सांगू नगासा, पाया पडतो तुमच्या."

शालूबाईनंही पडल्या पडल्या मान हलवली. उद्या ती पाट्याही वाहणार होती म्हणे! पारूबाईला संताप आला. भरमूचा आला, शालूबाईचा आला आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या जन्माचाही आला. हेच सगळं तिनं आणि धर्मराजनं केलं होतं. अंगात ताप घेऊन दुसऱ्याचे स्लॅब टाकले होते. पण सांगायचं तरी काय आणि कुणाला? सांगितलं तर ही माणसं रस्त्यावर. नाही सांगितलं तर ही बाई इथं पोत्यांवर संपणार. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात चोळत होती, तेवढ्यात सुनयनाची स्कूटी आली.

सुनयना दिवसभर ड्युटी करून आली होती, तोंडावर मास्कचे वळ उठले होते. सासू रेघेच्या पलीकडं बघून ती आधी घाबरली. पारूबाईनं तिला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सुनयनानं पर्समधलं बोटाला लावायचं यंत्र काढलं आणि शेडामागं गेली. परत आली ती तोंड उतरवून. ऑक्सिजन ब्याण्णव. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता हिला वेगळं ठेवायला पाहिजे, संडास वेगळा पाहिजे, वारा पाहिजे, पालथं झोपवायला पाहिजे, गोळ्या मी आणते. शेडात राहिली तर रात्रीतनं आकडा खाली येईल आणि बाकीचेही पडतील.

पारूबाईनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, माझी खोली हाय की.

बुद्धप्रिय तोवर खाली आला होता. त्यानं ते ऐकलं आणि त्याचा तोल गेला. आजवर आईला कधी मोठ्यानं बोलला नव्हता, तो भर रस्त्यात बोलला. मी गाडी करून देतो, औषधाचं सगळं बघतो, पण त्या खोलीत नाही. सुनयना शांतपणे म्हणाली, गाडी जाणार कुठं? मी दवाखान्यातूनच आलेय. व्हरांड्यात माणसं झोपलीत. बेड मिळेल तेव्हा मी नेते, तोवर बाईनं श्वास कुठं घ्यायचा?

"आणि आईनं?" तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी दहावीत होतो. काही करू शकलो नाही. शेवटी शेवटी ते खिडकीजवळ बसवा म्हणायचे आणि आपल्या घराला खिडकीच नव्हती. म्हणून मी ही खोली बांधली. आई, तुला काही झालं तर मी काय करू सांग."

  एवढं लेकरू, मनात काय काय घेऊन बसलेलं, आणि आपण चार दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. पारूबाईला वाटलं, जवळ घ्यावं. पण मागं शेडाकडनं शालूबाईचा खोकला ऐकू आला.

"पोरा," ती म्हणाली, "तुझ्या बापानं आन मी लई घरं बांधली. फरशी घासून चकचकीत करून द्यायची, की दुसऱ्या दिसापास्नं तितं आमचा पाय चालायचा न्हाय. वास्तूच्या जेवनाला गेटाभायेर बसायचो. तू मांडीवर असायचास. कुनाचं गं घर म्हनून इचारायचास, आन तुझा बाप म्हनायचा, लोकांचं. आता हे आपलं हाय न्हवं? हितंबी बांधनाऱ्याला भायेरच मरू द्यायचं असंल, तर मला नगं ती खोली. मी न्हाय राहनार तीत."

 बुद्धप्रियनं चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाला, तू तिकडं पाय टाकायचा नाहीस, सगळं सुनयना आणि मी बघू, कबूल? ती म्हणाली, कबूल. भरमूला त्यानं सांगितलं की उद्याच्या मिक्सरला नाही म्हणून कळव, आणि उद्या सगळ्यांची तपासणी करून घेऊ, कुणाला कुठं जायला लागणार नाही. भरमूचा विश्वासच बसेना. 

कुलूप उघडलं. नागोजी गादी आणायला समोरच्या घरी धावला. भरमूनं शालूबाईला धरून दारापर्यंत आणलं आणि तिथं ती अडली. चौकटीला हात लावून उभी राहिली, पाय उचलेना. बुद्धप्रियला वाटलं चक्कर आली, सुनयना पुढं झाली. शालूबाईनं मान हलवली. धाप लागली होती, एकेक शब्द सुटा सुटा येत होता.

"आक्का, नव्या घरात... पयलं पाऊल आजारी मानसाचं नगं. तुमी आदी जावा. तुमचं घर हाय."

 मरायला टेकलेली बाई आणि हिला दुसऱ्याच्या घराच्या शुभाशुभाची पडली होती. पारूबाईनं पोराला शब्द दिला होता, ती जागची हलली नाही. मास्कमधूनच मोठ्यानं म्हणाली, "अगं, पाया काडला त्याच दिशी तुझं पाऊल पडलंय हितं. तुझ्याआदी ह्या घरात कोन आलंय? जा आत."

तरीही शालूबाईनं बुद्धप्रियकडं बघितलं. इतके दिवस तो तिला "ओ बाई" म्हणून हाक मारत होता.

"जावा आक्का," तो म्हणाला. "पडा जाऊन."

मग ती आत गेली. सुनयनानं आधी खिडकी उघडली. गादी यायची होती, जरा थांब म्हणून सांगेपर्यंत शालूबाई होती तिथंच, नुसत्या फरशीवर पालथी झाली, हात दोन्हीकडं पसरले, गाल खाली टेकवला. खिडकीतून तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत आला.

"लई गार हाय गं बाई," ती म्हणाली, "आमी घातलेली फरशी लई गार हाय."