लोवेल व्होंद्राचा गुडघा

त्या वर्षी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल हंगामाचा पहिलाच सामना परक्या मैदानावर होता, डाल्टन वेल्सला. नेब्रास्कातून निघायचं, अख्खं कॅन्सस ओलांडायचं आणि टेक्सासच्या त्या सपाट माळावर जाऊन पोचायचं, जिथं तेलाचे पंप मान खालीवर करत असतात आणि सावली म्हणून कुठं नसते. सप्टेंबरचा पहिला शनिवार होता, भर दुपार. बस मैदानाच्या फाटकातून आत वळली आणि त्यांच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी पत्र्यावर बुक्के मारायला सुरुवात केली. बस डुलायला लागली. त्यांच्या संघाची जर्सी घातलेली एक म्हातारी आमच्या खिडकीवर मक्याचं कणीस आपटत होती, आम्ही मक्याच्या मुलखातले म्हणून.

"आजीबाईंनी डबा आणलाय," रॉय हफ म्हणाला. बसमध्ये तेवढाच एक जण हसला, तो लोवेल व्होंद्रा.

हे दोघं फळीत डावीकडे शेजारी-शेजारी उभे राहायचे. रॉय कडेला, लोवेल त्याच्या आत. लोकांना चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक दिसतो, चेंडू काखेत मारून पळणारे दिसतात. पुढच्या फळीतले पाच जण कुणाला दिसत नाहीत. समोरून येणाऱ्या धिप्पाड माणसाला अंगानं अडवायचं आणि मागचा क्वार्टरबॅक शाबूत ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. चेंडू त्यांच्या हाताला लागायचाच नाही. मी त्याच फळीतला राखीव. त्यामुळं रोज सरावात या दोघांच्या टकरा खायचं काम माझ्याकडं.

लोवेल डुकरं पाळणाऱ्याचा मुलगा. बोलायला संथ, मैदानावर खांबासारखा. रॉय त्याच्या उलट. तोंड सारखं चालू आणि डोकं लवकर तापणारं. तीन वर्षं ते एका खोलीत राहत होते.

त्यांच्या बाजूनं या दोघांसमोर होता अठ्ठ्याण्णव नंबरची जर्सी घातलेला शॅड प्रुइट. त्याच्याबद्दल आम्ही ऐकून होतो, पण ऐकणं वेगळं. पहिल्याच खेळीत त्यानं लोवेलच्या हनुवटीखाली तळहात असा मारला, की लोवेलची जीभ दातांत आली. तो रक्त थुंकून पुन्हा जागेवर उभा राहिला.

"काय रे मक्या," प्रुइट म्हणाला, "घरी डुकरांना कोण बघतंय?"

"तुझी काळजी करतायत सगळी," रॉय मधेच म्हणाला. "नातेवाईक आहेत ना."

त्याचं उत्तर प्रुइटनं पुढच्या खेळीत दिलं. पडलेल्या पोरांच्या ढिगाऱ्याखाली रॉयची करंगळी सापडली ती त्यानं उलटी पिरगाळली. रॉय ओरडला ते आम्हाला बाकापर्यंत ऐकू आलं. पंचांनी काही पाहिलं नव्हतं. रॉयनं करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून घेतली आणि परत गेला. मग त्यानं प्रुइटच्या बरगडीत कोपर घातलं. प्रुइट लोवेलच्या पायावर उभा राहिला. असं सगळा पहिला भाग चाललं. उन्हानं हेल्मेटं तापून हात लावू देत नव्हती. पोरं ओकत होती आणि तोंड पुसून परत रांगेत उभी राहत होती.

मध्यंतराच्या जरा आधी केसी वुड्रफनं, आमच्या क्वार्टरबॅकनं, चेंडू फेकला. चेंडू हातातून सुटून लांब गेला होता, सगळं मैदान तिकडं बघत होतं. प्रुइट थांबू शकला असता. तो थांबला नाही. दोन ढांगा पळत येऊन त्यानं खांदा केसीच्या छातीत घातला आणि त्याच्यासकट जमिनीवर पडला. केसीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आवाज कोरडा होता, ओल्या मातीतनं मुळा उपटावा तसा नाही, वाळकी फांदी मोडावी तसा. पंचांनी त्यांना दंड म्हणून आमचा चेंडू थोडा पुढं सरकवला. त्यांचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

केसीला बाहेर नेताना तो आईला फोन करू नका, एवढंच म्हणत होता.

मध्यंतरात आमचे फळीचे कोच ब्रिग्ज आमच्यासमोर येऊन उभे राहिले. माणूस सहसा आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही.

"तो अठ्ठ्याण्णव नंबरचा," ते म्हणाले, "दुसऱ्या भागात मला उभा दिसायला नको. कसं ते मला सांगू नका, मला ऐकायचं नाही."

ते गेल्यावर रॉय लोवेलच्या शेजारी बसला. मी समोरच बुटाची नाडी बांधत होतो.

"वर धर त्याला," रॉय म्हणाला. "छातीशी घट्ट. मी बाजूनं खाली जातो."

ते काय असतं ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. एकानं माणसाला वर धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर झेप घ्यायची. पाय जमिनीत रोवलेला असतो, त्यामुळं गुडघ्याला जायला जागाच राहत नाही. नियमात ते बसत नाही आणि का बसत नाही हे कुणाला समजावून सांगायची गरज नसते.

लोवेल पाणी पीत होता. "केसीला किती लागलंय?" त्यानं विचारलं.

"हाड वर आलंय कातडीत. मी बघून आलो. धरशील का नाही, बोल."

"धरीन," लोवेल म्हणाला.

दुसऱ्या भागात बराच वेळ तशी संधी आली नाही. प्रुइट कधी बाहेरून यायचा, कधी आतून. आमचा राखीव क्वार्टरबॅक घाबरून चेंडू लवकर सोडत होता. तरी आम्ही फार मागं पडलो नव्हतो. मग एका खेळीला प्रुइट नेमका दोघांच्या मधोमध घुसला. लोवेलनं त्याला दोन्ही हातांनी काखेखाली धरलं, छातीला छाती लावली आणि उचलल्यासारखं सरळ उभं केलं. रॉयनं एक पाऊल मागं घेतलं आणि झेप घेतली.

पुढचं मी बाकावरून पाहिलं, पण कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. प्रुइट एकीकडं भेलकांडला, रॉय जमिनीलगत आला आणि लोवेल खाली बसला. बसला म्हणजे पाय ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळून बसला. तो किंचाळला नाही. दोन्ही हातांनी मांडी धरून, तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिला.

रॉय उठला. त्यानं लोवेलचा पाय पाहिला आणि आपल्या हेल्मेटला हात लावला. धडकेनं आत डोकं अजून बधिर होतं, असं तो नंतर म्हणाला. मग त्यानं ते डोक्यावरनं काढलं, जाळीला धरलं आणि प्रुइटच्या तोंडावर हाणलं.

प्रुइटचं हेल्मेट कपाळावर सरकलं. दुसरा फटका भुवईवर बसला आणि कातडी उघडली. तिसऱ्याला तो खाली गेला. रॉय त्याच्या छातीवर बसून मारत राहिला, हेल्मेट हातातून सुटलं तर मुठींनी, त्या मोडक्या करंगळीच्या हातानंसुद्धा. त्यांची सगळी फळी रॉयवर पडली. आमची त्यांच्यावर पडली. बाकावरनं आम्ही धावलो. माझ्या पोटात कुणाचा तरी बूट बसला. मी कुणाच्या तरी मानेला धरून त्याला जमिनीवर आपटलं आणि तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. प्रेक्षकांतून बर्फाचे तुकडे, बाटल्या येत होत्या. एका पंचाच्या कानातून रक्त येत होतं. शेरीफची माणसं मैदानात आली तेव्हा कुठं ढीग सुटला, आणि त्याच्या तळाशी लोवेल होता. तो तसाच मांडी धरून पडलेला. कुणीतरी त्याच्या पोटावर पाय देऊन गेलं होतं.

लोवेलला गाडीवर घालून आत नेलं. रॉयला सामन्यातून काढलं आणि दोन पोलिसांनी आत पोचवलं. लोवेलच्या जागी मला पाठवलं.

प्रुइट बाहेर जाऊन भुवई शिवून परत आला. पांढऱ्या पट्टीतून रक्त झिरपत होतं. मला वाटलं आता माझा जीव घेणार. तो माझ्यासमोर वाकून उभा राहिला.

"तुझा तो पोरगा," तो म्हणाला, "त्याला मी काही केलं नाही."

मी हात जमिनीला टेकवून जागा घेतली.

"खरंच. त्यानंच मला ढकललं. मी येत होतो, तर त्यानं मला बाजूला भिरकावलं. आणि तुमचा तो येडा मलाच मारायला उठला."

चेंडू सुटला आणि प्रुइट मला असा आदळला, की डोळ्यांपुढं पिवळं झालं. पण लोवेलनं काय केलं ते मला समजलं होतं.

आत काय झालं ते लोवेलनं मला हिवाळ्यात सांगितलं. त्याला लाकडी टेबलावर झोपवलं होतं, पायाला फळ्या बांधल्या होत्या. डॉक्टर केसीकडं गेले होते. रॉय भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. अंगावर अजून खांद्याची ढाल, मुठींची सालं निघालेली. वर प्रेक्षकांच्या पायांनी छत दणदणत होतं.

"तू वळलास," रॉय म्हणाला.

"हो."

"धरीन म्हणाला होतास मला."

"धरला होता."

"मग सोडला कशाला त्याला?"

लोवेलच्या गुडघ्यात कुणी तापलेली सळई फिरवत होतं. "तो माझ्याकडं बघत होता," तो म्हणाला. "खाली नव्हता बघत. माझ्याशी जोर लावत होता नुसता. मला वाटलं, याला कळणारसुद्धा नाही."

"केसीला कळलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, रॉय. हात वळले."

रॉयनं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत. "तुझा पाय मोडला मी," तो म्हणाला. "त्याच्यासाठी. त्या डुकरासाठी तू पाय दिलास आणि मोडायला मला लावलास."

"मी तुला लावलं नाही," लोवेल म्हणाला. "तू स्वतः आलास." आणि मग त्याला सगळ्याचाच राग आला. पायाचा, रॉयचा, स्वतःचा. हाताशी पाण्याची बाटली होती ती त्यानं फेकून मारली. ती रॉयच्या तोंडावर लागली. रॉयनं हात वर केला नाही.

त्यानंतर ते वरचा आवाज ऐकत बसले. परक्या मैदानावर लोक ओरडले, की आपलं वाईट झालं समजायचं. बराच वेळ लोक ओरडत होते. मग एकदम छत शांत झालं आणि शांतच राहिलं.

आम्ही दोन गुणांनी जिंकलो होतो. शेवटच्या लाथेवर चेंडू खांबाला घासून आत गेला. पोरं नाचत आत आली आणि रॉयला पाहून त्यांनी त्याला खांद्यावर उचललं. सगळ्यांना वाटत होतं, लोवेलला प्रुइटनं मोडलं आणि रॉयनं बदला घेतला. मोठे कोच टेलँडर आले. सामन्याचा चेंडू त्यांच्या हातात होता, जिंकल्यावर तो एकाला बक्षीस द्यायची रीत होती.

"मारामारीची शिक्षा व्हायची ती होईल," ते म्हणाले, "पण जोडीदारासाठी उभा राहणारा माणूस मला कळतो. हा घे."

रॉयनं चेंडू घेतला नाही. "मला खाली उतरवा," तो म्हणाला. उतरवल्यावर त्यानं लोवेलकडं पाहिलं. लोवेल छताकडं बघत होता.

"मी मोडला त्याचा पाय," रॉय म्हणाला. "प्रुइटचा मोडायला गेलो होतो. लोवेलनं त्याला बाजूला केलं आणि मधे तो सापडला."

पोरं हसायची थांबली. कोच टेलँडर चेंडू तसाच पुढं धरून उभे होते. मग त्यांनी मान वळवून कोच ब्रिग्जकडं पाहिलं. ब्रिग्ज फळ्यावरच्या खुणा पुसायला लागले, ज्या आधीच पुसलेल्या होत्या.

"कुणी सांगितलं होतं तुला?" टेलँडरनी विचारलं.

"कुणी नाही," रॉय म्हणाला.

तेव्हा मी बोललो. मध्यंतरात मी समोर बसलो होतो, ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. ब्रिग्ज म्हणाले, "मी सांगितलं ते खेळायला सांगितलं." टेलँडरनी चेंडू पिशवीत टाकला आणि सगळ्यांना बसमध्ये चढायला सांगितलं.

आठवडा संपायच्या आत ब्रिग्ज कॉलेजातून गेले. कारण कुठं छापून आलं नाही. रॉयला चार सामने बाहेर बसवलं. ते संपल्यावर तो परत आला नाही. कोचनी बोलावलं, बापानं बोलावलं, तो म्हणाला, मला जमिनीलगत झेप घेता येत नाही आता. ऑक्टोबरात त्यानं खोली बदलली.

लोवेलच्या गुडघ्यातली तीन लिगामेंट तुटली होती. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो पुन्हा खेळला नाही. रॉयशीही तो वर्षभर बोलला नाही, आणि ज्यांना वाटत होतं की त्यानं मोठ्या मनानं माफ केलं असेल, त्यांना तो सरळ सांगायचा, "नाही केलं." प्रुइट पुढच्या वर्षी आमच्या मैदानावर खेळायला आला. भुवईवर पांढरी रेघ होती. त्यानं आमच्या नव्या क्वार्टरबॅकला दोनदा उचलून आपटलं, दोन्ही वेळा नियमात बसेल असं. लोवेल काठी घेऊन कडेला उभा होता. सामना संपल्यावर प्रुइट त्याच्यासमोरून गेला, पण त्यानं ओळखलं नाही. लोवेलनंही हाक मारली नाही.

"बोलायचं होतंस," मी म्हणालो.

"काय बोलायचं?" लोवेल म्हणाला. "चल, पाय दुखतोय, बसू कुठंतरी."