एक पुंगळी कमी

ही गोष्ट २०१७ सालची. नवरात्र नुकतंच आटोपलं होतं, शेतांत कापूस फुटायला लागला होता आणि ऊन असं तापत होतं की खानदेशात जन्म काढलेल्या माणसानंही सावली शोधावी. अशा दिवसांत जळगावजवळ छात्रसेनेचं शिबिर लागलं. दोंडाईच्याच्या एका कॉलेजातल्या मुली त्यात आल्या होत्या. सपना त्यांतलीच.

सपनाचे वडील देवचंद एसटीत चालक. घरी आजी, आक्काबाई. सपनानं लहानपणीच ठरवलं होतं की आपण सैन्यात अधिकारी व्हायचं. छात्रसेनेचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला जाता येतं, हे तिला पाठ होतं. पण त्या परीक्षेला बसायचं तर शिबिर पुरं व्हायला हवं. शिबिरातून घरी पाठवलं गेलेल्या मुलीला कोण बसू देणार? म्हणून ती सगळ्यांत आधी उठायची आणि बुटाला सगळ्यांपेक्षा जास्त पॉलिश करायची.

तंबूत तिच्या शेजारी विधी झोपायची. दोंडाईच्यातल्या कांतीलालशेठ या जैन व्यापाऱ्याची नात. बंदूक म्हटल्यावर तिच्या आजीनं, तारादेवींनी, आधी कानांवर हातच ठेवले होते. मग म्हणाल्या, "कागदावर नेम धर. कागदाच्या पलीकडे नको." शिवाय सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा घरचा नेम होताच. लंगरचा, म्हणजे शिबिरातल्या स्वयंपाकघराचा, आचारी तिचं ताट दिवस असतानाच वाढून ठेवायचा. पहिल्या दिवशी मुली हसल्या. नंतर कोणाच्या ते लक्षातही राहिलं नाही.

नेमबाजीच्या दिवशी सगळ्यांना नशिराबादच्या पुढे एका जुन्या खाणीत नेलं. वाटेत गाडीत वृषाली मॅडमनी, मुलींबरोबर आलेल्या कॉलेजातल्या छात्रसेना अधिकाऱ्यांनी, विचारलं, "छात्रसेना कशासाठी काढली, सांगा बरं."

"युद्धासाठी," कोणीतरी म्हणालं.

"युद्धाला फौज आहे. देश स्वतंत्र झाला आणि दुसऱ्याच वर्षी ही निघाली. पुढच्या वर्षी मुलींची. तेव्हा घरातली मुलगी खाकी घालून निघाली की आळीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. माझी आई गेली होती, तिनंच मला सांगितलं. तुमच्यातला प्रत्येक जण सैनिक व्हावा म्हणून नाही हे. शेजारी जो उभा आहे त्याची जात, गाव, घर न विचारता त्याच्याबरोबर पाऊल टाकता यावं, म्हणून."

"आणि नाश्त्यासाठी," मागून कोणीतरी पुटपुटलं. मॅडमही हसल्या.

खाणीत सतरंज्या अंथरल्या. चौघी-चौघी पालथ्या झोपून पाच-पाच गोळ्या झाडत होत्या. सपनाच्या उजव्या हाताला विधी होती. बंदुकीचा बोल्ट मागे ओढला की झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी टणकन उजवीकडे उडायची. नेम झाला की सगळ्यांनी पुंगळ्या वेचून भूषणकडे द्यायच्या. भूषण हा मुलांमधला सीनियर, जिभेचा तिखट. मोजायचं काम त्याच्याकडे होतं. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, हा फौजेचा कायदा. शेवटी एकेकीनं हात पुढे करून शपथेवर म्हणायचं, "मेरे पास कोई गोली या खाली खोखा नहीं है, श्रीमान." खोखा म्हणजे पुंगळीच. सगळ्या म्हणाल्या. सपना म्हणाली, विधीही म्हणाली.

भूषणनं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि नेमबाजी घेणाऱ्या, फौजेतल्या सुभेदार जीवरामसाहेबांकडे गेला. "साहेब, एक कमी आहे."

सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून, ओळ धरून, हाताच्या अंतरानं गवत चाळलं. सतरंज्या झटकल्या. कोणाला मेलेला विंचू सापडला, कोणाला कधीकाळचं बटण. पुंगळी नाही.

मग भूषण हळूच म्हणाला, "साहेब, सकाळी नाश्त्याला ही सपना सांगत होती, आजीला एक पुंगळी दाखवायची आहे म्हणून."

ते खरं होतं. निघताना आक्काबाई म्हणाली होती, "पोरी, एक पुंगळी लई ये, माले दखनं शे." सपनानं ते हसतहसत सांगितलं होतं. आणायची नसते, हेही सांगितलं होतं. पण ते आता कोणाला आठवणार?

मॅडमनी तिला बाजूला नेऊन खिसे पाहिले, बूट काढायला लावले. काही निघालं नाही. तरी सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून हलेनात. पुरावा नसला तरी एवढा संशय शिबिरातून घरी पाठवायला पुरेल, असं तिला वाटलं.

तेवढ्यात विधी रांगेतून पुढे आली. "साहेब, मी घेतली होती. घाबरून तिकडे बाभळींत फेकली."

जीवरामसाहेबांनी विचारलं, "शपथ घेतली होतीस ना आत्ता?"

"खोटी घेतली, साहेब."

सपनाला आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं. विधी आपल्यासाठी खोटं बोलते आहे. म्हणजे तिलाही वाटतंय की पुंगळी आपणच घेतली.

सगळे बाभळींत शिरले. हातांवर काटे ओढले गेले. तिथं काय मिळणार होतं? सूर्य खाणीच्या कडेला टेकला. जीवरामसाहेब म्हणाले, "वर कळवावं लागेल. उद्या ही मुलगी घरी जाईल."

सपनाला राहवलं नाही. आता गप्प बसलं तर आपलं शिबिर वाचत होतं, हे तिला दिसत होतं. तरी ती पुढे झाली. "साहेब, ती खोटं बोलतेय. तिनं घेतली नाही. मीही घेतली नाही. पाठवायचं तर मला पाठवा, नाव माझं निघालं होतं."

"हे बरं आहे," जीवरामसाहेब वैतागून म्हणाले. "मघाशी कोणीच घेतली नव्हती, आता घरी जायला रांग लागलीय. चला, गाडीकडे. डास निघाले. बाह्या खाली."

सूर्य मावळला की शिबिरात बाह्या उतरवून मनगटाशी बटण लावायचं, हा रोजचा हुकूम. सगळ्यांनी कोपराच्या वर दुमडलेल्या बाह्या सोडल्या. विधीनं डावी बाही ओढली, आणि घडीतून काहीतरी निसटून खडकावर टणकन वाजलं.

मग भूषणनं वाकून ती उचलली आणि तळहातावर धरली. पिवळी, करंगळीच्या पेराएवढी पुंगळी. सपनाच्याच बंदुकीतून उडून शेजारणीच्या बाहीत बसलेली.

जीवरामसाहेब चक्क खाली बसले. रुमालानं तोंड पुसलं आणि हसायला लागले. "नाही म्हणाली तेव्हा पुंगळी अंगावर. घेतली म्हणाली, तेव्हाही अंगावरच. मॅडम, हिचा जबाब मी कसा लिहू?"

"लिहूच नका, साहेब," मॅडम म्हणाल्या. "छात्रसेनेच्या ब्रीदातली एकता पाहिली आपण, पोटभर. आता अनुशासन बघू. फौजेपुढे खोटं बोलल्याबद्दल विधी शिबिर संपेपर्यंत लंगरची पातेली घासेल."

भूषण सपनासमोर येऊन उभा राहिला. "चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? कमी होती ती होतीच," सपना म्हणाली. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. विधीच्या पातेल्यांना त्यालाही राख चोळायला लावायचं तिनं मनात ठरवलं, आणि पुढे लावलंही.

परतताना गाडीत दोघी शेजारी बसल्या. नशिराबाद मागे पडलं.

"तुला वाटलं मी चोरली," सपना म्हणाली.

"वाटलं."

"आणि तरी पुढे आलीस?"

"वाटलं म्हणून तर आले. नाही तर कशाला आले असते?"

सपनाला रागवायचं होतं. पण हसू आधी आलं, मग डोळे भरले, आणि मग दोघींना काहीच आवरेना. पुढच्या बाकावरून मॅडम म्हणाल्या, "हळू. चालक घाबरेल."

लंगरमध्ये विधीचं ताट झाकून ठेवलेलं होतं, पण दिवस मावळून गेला होता. ती जेवली नाही. ताट सपनापुढे सरकवून म्हणाली, "माझ्या वाटचं तू खा. आज भूक तुलाच जास्त लागली असेल." सपना दोन्ही ताटं जेवली.

पुढे सपनाला 'सी' प्रमाणपत्र मिळालं. सैन्याच्या मुलाखतीत ती दोनदा मागे राहिली. मग फौजदारकीची परीक्षा दिली आणि आज ती धुळे जिल्ह्यात पोलीस उपनिरीक्षक आहे. जबाब घेताना घाई करत नाही, असं तिच्या हाताखालचे सांगतात. आक्काबाईनं तिला वर्दीत पाहिलं, ठाण्यातल्या खुर्चीवर बसूनही घेतलं, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. देवचंद निवृत्त झाले. बसची सवय सुटेना, म्हणून आता गावातल्या शाळेची गाडी चालवतात. भूषण खरंच फौजेत गेला, तो सध्या ईशान्येकडे आहे. जीवरामसाहेब आपल्या गावी केळी लावतात. वृषाली मॅडम जळगावात मेहरूणला राहतात, गुडघे दुखतात तरी सकाळी तलावाला फेरी मारतात. विधी सीए झाली. धुळ्यात तिचं ऑफिस आहे, दोन मुलं आहेत. सपनाची ड्युटी लवकर सुटली की ती दिवस असतानाच विधीकडे जेवायला जाते.