पाच नंबरची बशी

चिमट्यात धरलेली नोट त्याने काचेच्या बशीतल्या जेलीवर अलगद टेकवली, मनात दहापर्यंत मोजलं आणि उचलली. जेलीवर कडेची एक पुसट रेघ उमटली, बस. झाकण लावून त्याने बशी उलटी केली आणि बुडावर निळ्या पेनने एकचा आकडा काढला. नंबर झाकणावर लिहायचा नाही, हा त्याचा सहा वर्षांचा नियम होता. झाकणांची अदलाबदल होते. बुडं आपल्या जागी राहतात.

ही नोट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाच्या खणातली. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. पेशंटला हात लावण्याआधी ते कोपरापर्यंत हात धूत, नवे हातमोजे चढवत आणि पेशंटला तोंड पलीकडे करून खोकायला सांगत. तपासणी झाली की मोजे काढत, अंगठा जिभेला लावत आणि फीच्या नोटा मोजत. त्यांना याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं. बोलणार तरी काय? जीभ मालकांची, अंगठा मालकांचा आणि नोटाही तोवर मालकांच्याच झालेल्या.

तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होता. दिवसभर काचेच्या बश्यांमध्ये जंतू वाढवायचे, मोजायचे आणि मारायचे. म्हणून सगळे त्याला बशीसर म्हणत. त्यातलं ‘सर’ फुकटचं होतं. पगारपत्रकावर तो ‘हंगामी’ होता. दर अकरा महिन्यांनी शुक्रवारी त्याला कामावरून काढत आणि सोमवारी नव्याने घेत. मधल्या शनिवार-रविवारी तो रीतसर बेकार असे, आणि बायको त्याच्यासमोर निवडायला भाजी आणून ठेवी.

या वेळी मात्र मोठ्या डॉक्टरांनी एक तारखेपासून कायम करतो म्हणून सांगितलं होतं. कायम झालेल्यांच्या आईवडिलांचे उपचार हॉस्पिटलमध्ये मोफत होत. त्याच्या आईचे दोन्ही गुडघे गेले होते. जिन्याच्या आठ पायऱ्या ती बसून उतरायची, आणि खाली पोचली की हसून म्हणायची, “आले बाबा, घसरगुंडीवरून.”

‘स्वच्छ हात सप्ताह’ ही कल्पना मॅडमची. मॅडम म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. हॉस्पिटलचा कारभार त्या बघत. तळमजल्यावर प्रदर्शन भरवायचं होतं. पाच ठिकाणच्या पाच नोटा घ्यायच्या, बशीत ठसे उमटवायचे आणि काय उगवतं ते लोकांना दाखवायचं. मोठ्या डॉक्टरांचं टेबल, औषधांचं दुकान, कॅन्टीन, रिसेप्शन आणि स्वच्छतागृह. निमंत्रणपत्रिकाही छापून झाल्या होत्या.

चार नोटा लगेच मिळाल्या. पाचवी अडली.

“दहाची चालेल मावशी,” आदल्या दिवशी त्याने स्वच्छतागृहाच्या दाराशी बसलेल्या मावशींना सांगितलं होतं. त्यांच्या शेजारी स्टुलावर स्टीलची वाटी असे. लोक तिच्यात वरून नोट सोडत, विहिरीत खडा टाकावा तशी, आणि आवाज यायची वाट न बघता निघून जात.

“नोट कशाला हवी, दादा?”

“प्रयोग करायचाय. विज्ञानासाठी.”

“माझी?”

“हो, तुमचीच.”

मावशींनी वाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“आत्ता नको. उद्या देते.”

“अहो, परत देणार आहे मी.”

“ते नाही हो. उद्या देते म्हटलं ना.”

दहाच्या नोटेत कसला जीव अडकलाय हिचा, असं त्याला वाटून गेलं. पण आज सकाळी त्या स्वतःहून लॅबच्या दाराशी आल्या. आत पाऊल टाकलं नाही. स्वच्छ रुमालाची घडी पुढे केली. आत नोट होती, कडक, जराशी फिकी. दहाच्या नोटा फिक्या असतातच.

“नीट ठेवा हं,” त्या म्हणाल्या. “आणि काय निघतं ते मला दाखवा.”

“दाखवीन की. सगळ्या गावालाच दाखवायचंय.”

मावशी एवढ्या खूश झाल्या की त्याला उगीचच ओशाळल्यासारखं झालं. त्याने त्या नोटेचा ठसा पाचव्या बशीत उमटवला, बुडावर पाच लिहिलं आणि पाचही बश्या उबवायच्या कपाटात ठेवून दिल्या.

दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा पहिल्या बशीत जागा उरली नव्हती. पिवळे, पांढरे, मळकट गुलाबी ठिपके एकमेकांच्या अंगावर चढले होते. दोन, तीन आणि चारमध्ये बेताची वस्ती होती, पगारदारांच्या कॉलनीसारखी. पाचव्या बशीत काही नव्हतं. त्याने ती दिव्याखाली धरली, तिरपी केली, भिंग लावलं. जेली जशी ओतली होती तशी होती, आरशासारखी.

त्याने बुडं पुन्हा बघितली. एक ते एकच होतं. पाच ते पाचच.

मॅडमनी बश्या लांबूनच बघितल्या, पदर नाकाला लावून.

“काहीतरी गडबड केलीत तुम्ही.”

“नाही मॅडम. नंबर बुडावर आहेत.”

“बुडाचं मला सांगू नका. उद्या शंभर माणसं येणार. ही एक नंबरची बघणार, आणि मग वर जाऊन ह्यांच्यापुढे जीभ बाहेर काढून ‘आ’ करणार?”

जिभेचा विषय निघाल्यावर त्याला फक्त अंगठा आठवत होता.

“मग डॉक्टरांची बशी ठेवू नये का?”

“पत्रिकेत पाच छापल्यात. चार कशा ठेवणार?” मॅडमनी ठिकाणांच्या नावांची पाच कार्डं टेबलावर मांडली. जाड कागद, सोनेरी कडा. “सोपं आहे. ही पाटी इकडे, ती तिकडे.”

“मॅडम, मग ते खोटं होईल.”

“खोटं कसं? बश्या खऱ्या आहेत ना? जंतू खरे आहेत? नोटाही खऱ्याच. कुठलं काय एवढाच प्रश्न आहे.” त्या समजुतीच्या सुरात बोलत होत्या, लहान मुलाला औषध पाजावं तशा. “आपला उद्देश काय? लोकांनी हात धुवावेत. स्वच्छतागृहाची बशी कोरी दिसली, तर धुतील का? उलट धुणारेही थांबतील.”

या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं. ते कुठे आहे हे तो शोधत असतानाच मॅडम म्हणाल्या, “तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे. एक तारखेची.”

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

“आई विचारतायत, एक तारीख नक्की ना? त्यांनी काठी शेजारणीला देऊन टाकायचं ठरवलंय.”

“आत्ताच नको देऊ म्हणावं.”

“म्हणजे? नक्की नाही?”

“नक्की आहे गं. पण काठी लागेल. ऑपरेशननंतरही लागते.”

फोन ठेवून त्याने पाट्या बदलल्या. बश्यांना हात लावला नाही. आपण फक्त कागद हलवले, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. मग दिवा बंद केला.

प्रदर्शन छान झालं. रंगीत फुगे होते. मोठ्या डॉक्टरांनी फीत कापली, अंगठा जिभेला लावून भाषणाचं पान उलटलं आणि हातांच्या स्वच्छतेवर बारा मिनिटं बोलले. लोक रांगेने बश्यांसमोरून सरकले. ‘मोठ्या डॉक्टरांचं टेबल’ या कोऱ्या बशीपाशी एक आजोबा आपल्या नातवाला म्हणाले, “बघ, याला म्हणतात शिस्त.” आणि ‘स्वच्छतागृह’ या पाटीपाशी जो तो थांबून “शी!” म्हणाला. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. बश्या तयार करायला लागून त्याला सहा वर्षं झाली होती, पण बघणाऱ्यांचा निकाल आधीच तयार असलेला प्रयोग त्याने प्रथमच पाहिला.

दुपारपर्यंत बातमी हॉस्पिटलभर पसरली. कॅन्टीनवाल्याने मावशींना सांगितलं, चहाचे पैसे हातात देऊ नका, काउंटरवर ठेवा. तिथे ठेवलेली नोट त्याने चमच्याने गल्ल्यात ढकलली आणि त्याच चमच्याने पुढच्याच्या चहात साखर ढवळली. रिसेप्शनवरच्या मुलीने मावशींच्या वाटीशेजारी ‘इथे सुट्टे मागू नयेत’ असा कागद चिकटवला.

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली आणि मावशी आल्या. धुतलेला ॲप्रन, ओले करून बसवलेले केस. या वेळीही त्या दाराशीच थांबल्या.

“येऊ का, दादा?”

“या ना.”

“माझी कुठली?”

त्याने बोट दाखवलं नाही. गरज नव्हती. मावशींना वाचता येत होतं. हळू, पण एकेक अक्षर पक्कं. स्व-च्छ-ता-गृ-ह. त्या वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. शेजारची कोरी बशी बघितली. परत आपली बघितली.

“हे सगळं त्या नोटेवर होतं?”

तो म्हणाला, “सगळ्याच नोटांवर असतं हो. मनावर घेऊ नका.”

“ह्या नोटेवर तर नाही काही.” मावशींनी कोऱ्या बशीकडे बोट केलं.

“तसं... थोडं कमी-जास्त होतं.”

त्याने ‘स्वच्छतागृह’ पाटीची बशी उचलली. आता उलटी केली, की झालं. बुडावरचा निळा एक त्याच्या तळव्याला लागून होता. दाराबाहेर मॅडम कुणाला तरी निरोप देत होत्या. त्यांच्या काखेत फायली होत्या, आणि सगळ्यात वरच्या फाइलला हिरवी फीत. त्याने बशी होती तशीच खाली ठेवली.

“मी धुतली होती ती,” मावशी म्हणाल्या.

“काय?”

“नोट. म्हणून तर उद्या देते म्हटलं. विज्ञानाला द्यायची, मळकी कशी द्यायची? घरी नेली. साबणाने धुतली, हळूहळू, फाटू नये म्हणून. मग लादी पुसायच्या जंतुनाशक औषधात बुडवून ठेवली रात्रभर. सकाळी फडक्याखाली घालून इस्त्री केली.” त्या थोडं हसल्या. “मुलगी म्हणाली, आई, आता तिला पावडर पण लाव.”

त्यालाही हसू यायला हवं होतं. तो विनोद चांगला होता.

मावशींचं हसू मात्र आपोआप थांबलं. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, परत उताणे केले. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली होती. तेवीस वर्षं रोज पाण्यात असतात ती.

“म्हणजे ते धुऊन जात नाही म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

त्याने खण उघडला आणि त्यांची नोट काढली. कडक, फिकी, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी तिच्याइतकी स्वच्छ दुसरी नोट नसेल. मावशींनी ती घेतली, पण कोपऱ्याला धरून, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब.

“पिशवी आहे का एखादी? पैसे मुलीकडे देते नेहमी. तिच्या हाताला नको लागायला.”

त्याने नमुन्यांची छोटी प्लास्टिकची पिशवी दिली. मावशींनी नोट आत सोडली, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि “येते” म्हणून गेल्या.

थोड्या वेळाने मॅडम आत आल्या आणि हिरव्या फितीची फाइल त्याच्यापुढे उघडून ठेवली.

“इथे सही करा. आणि इथे.”

त्याने पेन घेतलं. निळंच होतं. बोळाच्या टोकाशी, स्वच्छतागृहात, नळ सोडल्याचा आवाज आला. तो सही करत होता तोवर चालू राहिला, आणि दुसरी सही झाली तरी थांबला नाही.

मॅडमनी कान देऊन ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

“बघा,” त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी फरक पडायला लागला.”