सगळा चौकोन पांढरा

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. हे सांगतानाही मान खाली जाते. माझी जागा हवामानाचे गणित करणाऱ्या संगणकात, आठशे बाराव्या ओळीत. संगणक जमिनीचे शंभर शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतो. चौकोनात सरासरी वीतभर बर्फ भरला, की मी सांगतो, सगळा चौकोन पांढरा. पांढऱ्यावरून ऊन परत फिरते, म्हणून माझ्याकडे बर्फ उशिरा वितळतो. सपाट मैदानात हे बरेचसे जमून जायचे. लोक मला सुटसुटीत म्हणत, आणि मी फुशारून जाई.

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या हवामान संस्थेत बुरुल मला वापरत असे. तिचे वडील तोक्तोसुन, ज्यांना ती 'अता' म्हणे, नारिनच्या डोंगरात मेंढ्या राखत. फेब्रुवारीत गंजीतले गवत संपत आले, तेव्हा त्यांचा फोन आला.

"पोरी, कळप घेऊन खिंडीपलीकडं जाऊ का?"

तिने गणित मांडले. मी छातीठोकपणे सांगितले, एप्रिल संपेपर्यंत सगळे पांढरे.

"थांबा, अता. तिकडं सगळं गाडलं गेलंय."

ते थांबले. खिंडीपलीकडे बर्फ होता, पण सावलीच्या उतारावर. समोरचा उन्हाचा उतार वाऱ्याने झाडून काढला होता. तिथे सुके गवत उघडे पडले होते. मला उतार ठाऊकच नव्हते. शेजारचा ओमुर कोणाला न विचारता आपला कळप घेऊन तिकडे गेला. तोक्तोसुनच्या सतरा गाभण मेंढ्या उपासमारीने मेल्या.

ओमुर परतला तो हसतच. "तुझ्या लेकीच्या यंत्रात बर्फ, अन् माझ्या मेंढ्यांच्या पोटात गवत!"

मे महिन्यात तोक्तोसुन बिश्केकला आले. सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले.

"यात आपली दरी कुठंय?"

"हा चौकोन, अता."

"अख्खा पांढरा? मग उन्हाची बाजू कुठं गेली?"

बुरुलने चौकोन मोठा करून पाहिला, तरी तो पांढराच.

"दरीला दोन बाजू असतात, हे माझ्या म्हाताऱ्या घोडीलाही कळतं. तिलाच ठेवा इथं नोकरीला."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी पुढे सरकवली. "खा."

पुढच्या हिवाळ्यात बुरुल दोन्ही उतारांवर काठ्या रोवून बर्फ मोजत हिंडली. त्या चौकोनासाठी तिने दोन बाजूंचा नवा नियम लिहिला. मला मात्र कोणी खोडून टाकले नाही. बाकीच्या हजारो चौकोनांत मी अजून कामाला आहे. तिथे कोण मेंढ्या राखते, मला माहीत नाही.

मित्रांनो, कोणी माझ्यासारखे एका दमात "सगळे पांढरे" म्हणाले, तर एवढेच विचारा, "कुठल्या उतारावर?" तेव्हा मला हे कोणी विचारले असते, तर मी गप्प बसलो असतो. सतरा मेंढ्या वाचल्या असत्या.