दीडशे मिलिलिटर फेटा

मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. दिघीचे दादासाहेब ऑपरेशननंतर आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेले. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. दादासाहेब अजून ऑपरेशनला यायचे आहेत आणि त्यांचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही. तुम्हीही तसाच चेहरा करून बसा.

माझा जन्म चाकणच्या एका शेडमध्ये झाला. भिंतीपलीकडे ट्रकचे बंपर बनत. माझा पत्रा चुकून त्या ट्रॉलीत पडला असता तर आज मी कुठल्यातरी ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' खाली धूळ खात असतो. नशिबाने मला एक काळा भाता मिळाला, त्यावर काचेचं नळकांडं मिळालं आणि थेरगावच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर क्रमांक दोनमध्ये नोकरी मिळाली.

माझं काम सोपं आहे. मोठ्या ऑपरेशनला गाढ भूल देतात, स्नायू सैल पडतात आणि माणूस श्वास घ्यायचं विसरतो. त्याच्या वतीने ती आठवण मी ठेवतो. भाता वर, भाता खाली. मिनिटाला चौदा वेळा. मला ना चहाची सुट्टी, ना ओव्हरटाइम.

तरुणपणी मी दणदणीत श्वास द्यायचो. माणसाला काट्यावर उभं करायचं, वजन जास्त तर हवा जास्त, असा तेव्हा इथला हिशेब होता. "काय छाती फुगवतो बघा!" म्हणून माझं कौतुक व्हायचं आणि मीही आतून फुगायचो. एकदा यशवंतराव नावाचे गृहस्थ आले. बुटके, वजन पंच्याण्णव. मी त्यांना पंच्याण्णव किलोचे श्वास दिले. पोटाचं ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत कफ भरला, न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. बरे झाले, पण त्यानंतर एक जिना चढायला त्यांना दोनदा बसावं लागे. त्यात बिडीचा वाटा किती, वयाचा किती आणि माझा किती, हे कुणी वाटून दिलं नाही. मी माझा वाटा आपणहून ठेवून घेतला.

पुढे थिएटर क्रमांक एकमध्ये टचस्क्रीनवालं नवं मशीन आलं. सगळे त्याच्याबरोबर सेल्फी काढू लागले. माझ्या डोक्यावर आमचे तंत्रज्ञ भिमाजी आपला डबा ठेवू लागले. मंगळवारी मेथी असे.

मग भूलतज्ज्ञ म्हणून डॉ. दीक्षा आल्या. त्यांचे वडील साहेबराव भोसरीच्या एका कंपनीत आयुष्यभर कॉम्प्रेसरवर होते. हवा दिसत नाही म्हणून ती कशीही ओतायची नसते, हे त्या घरूनच शिकून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरचा डबा उचलला, माझी नळी न नळी तपासली आणि म्हणाल्या, "भिमाजीकाका, माणूस जाड झाला की पोट वाढतं, फुप्फुस वाढत नाही. फुप्फुस उंचीचं ऐकतं. श्वास उंचीवरून मोजायचा."

मित्रांनो, फुप्फुसात कोट्यवधी इवले इवले फुगे असतात. जास्त हवा कोंबली तर ते ताणून सुजतात. पार रिकामे होऊ दिले तर मिटतात, चिकटतात. म्हणून श्वास मापात द्यायचा आणि शेवटी थोडी हवा मागे ठेवायची. चहाच्या कपात शेवटचा घोट ठेवतात ना, तशी.

आता दादासाहेब येतात.

वय सदुसष्ट. आतड्यात गाठ. ऑपरेशन चार तासांचं. बिडी सोडून तीन वर्षं झाली असं ते सांगत, तीन आठवडे झाले असं खिशातलं अर्धं बंडल सांगत होतं. दिघीच्या चौकात त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वर्षभर असे, कारण उतरवायची कुणाची छाती नव्हती. फाइलीत उंची लिहिली होती सहा फूट. उंची मोजून लिहिलेली नव्हती, विचारून लिहिलेली होती. विचारणारे भिमाजी.

माझ्या शेजारच्या खोलीत ते स्ट्रेचरवर पडले होते. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, डोक्यावर भगवा फेटा. दार उघडं होतं. दीक्षाताईंनी फाइल बघितली, मग स्ट्रेचर बघितलं.

"दादा, तुमचे पाय टोकापर्यंत का पोचत नाहीत?"

"स्ट्रेचर मोठं हाय."

"जरा फेटा काढता?"

"न्हाई. आत गेल्यावर काढीन."

"मॅडम, दादांची उंची अख्ख्या दिघीला माहीत आहे," भिमाजी म्हणाले. "फ्लेक्सवर तर चौदा फुटाचे आहेत."

"चौदा फुटाचा श्वास दिला तर फुप्फुस फाटेल, काका. टेप आणा."

हॉस्पिटलात सीटी स्कॅन होतं, मोजपट्टी नव्हती. भिमाजी पूर्वी गेट-खिडक्यांच्या फॅब्रिकेशनमध्ये होते, त्यांच्या बॅगेत लोखंडी टेप निघाली. दादासाहेबांनी ती बघितली आणि हात छातीवर बांधले.

"आमी काय गेटचं माप हाय व्हय? टेप लावू देणार न्हाई."

"ठीक आहे. भूल दिल्यावर मोजते."

"झोपेत? ह्यो कुठला न्याय?"

भिंतीला टेकून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, चुकीची उंची धरली तर काय व्हतं?"

"मावशी, हवा जास्त जाते. फुप्फुस ताणतं. ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस नंतर छातीच्या आजारात अडकतो. त्यात दादांची बिडी."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चव्वेचाळीस वर्षं तोंडात धरलेली गोष्ट त्यांनी बाहेर काढली.

"लग्नात अंतरपाट धरला तवा ह्यांच्या पायाखाली दोन पाट होते," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाखाली एकच. अंतरपाट निघाला आन् मला पहिल्यांदा दिसले ते पाटच."

दादासाहेबांनी बायकोकडे मान वळवली.

"कौशे," दादासाहेब हळूच म्हणाले, "तुला तवापासून ठाव हाय?"

"व्हय. बोलले का कधी? आजबी बोलले नसते. पण झोपेत चोरून मोजलेलं मला न्हाई चालायचं. अन् तुमी माघारी न्हाई आलात तर त्या फ्लेक्सच्या चौदा फुटाचं मी काय करू? वाळवण घालू?"

दादासाहेब उठून बसले, दोन्ही हातांनी फेटा उतरवला आणि बायकोच्या हातात दिला. आत फेटा उंच राहावा म्हणून मडक्याची चुंबळ होती.

"मोजा," ते म्हणाले. "पर फाइलीच्या बाहेर जायला नको."

"फाइल गोपनीय असते, दादा."

उंची भरली पाच फूट तीन इंच. मित्रांनो, तुम्हीही ऐकलं नाही.

दीक्षाताईंनी माझी कळ फिरवली. सहा फुटांसाठी साडेपाचशे मिलिलिटर झाले असते, ते चारशेवर आले. म्हणजे दर श्वासामागे दीडशे मिलिलिटर हवा निव्वळ फेट्यासाठी होती. चार तासांत तीन हजारांवर श्वास दिले आणि एकही फेट्याला दिला नाही. भाता थोडासाच वर जात होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा झाला बिचारा. आयुष्यात इतकं जपून काम मी केलं नव्हतं.

पण ऑपरेशन संपलं म्हणून धोका संपत नाही. वॉर्डातल्या बातम्या भिमाजी आणत. माझी हवेची जाळी पुसता पुसता ते माझ्याशीच बोलतात. हे त्यांच्या घरी माहीत नाही.

पहिल्या दिवशी दादासाहेबांना तीन चेंडूंचं खेळणं दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात, फुप्फुसाचे मिटलेले फुगे उघडतात. दादासाहेबांनी ते उशाला ठेवलं. म्हणाले, "आमी काय अंगणवाडीत हाय?" टाके दुखतात म्हणून खोकायचे नाहीत, उठायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंग तापलं. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णवला आला. भिमाजींनी हे सांगितलं तेव्हा मला यशवंतरावांचा जिना आठवला.

दीक्षाताईंनी त्यांना उठून बसवलं, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, पोटाशी उशी धरून खोकायला सांगितलं. आणि कौशल्याबाईंनी खेळणं त्यांच्या हातात दिलं.

"ओढा."

"एकच चेंडू जातोय."

"दोन पाट ठेवू का खाली?"

वॉर्ड हसला. सगळ्यात आधी दादासाहेब हसले, हसता हसता खोकला आला, खोकल्याबरोबर कफ आला. संध्याकाळी दोन चेंडू वर गेले. तिसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात चालले. आकडा पंच्याण्णव. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी तिसरा चेंडू वर गेला आणि, भिमाजी शपथेवर सांगतात, दादासाहेबांनी शेजारच्या खाटेला ओरडून सांगितलं, "बघ रं! फेट्याबिगर!"

आठव्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे, माहीत नाही. जाताना ते थिएटरच्या दारापाशी थांबले. फेटा कौशल्याबाईंच्या काखेत होता. आत माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्योच का त्यो?" आणि एक लांब, पूर्ण, स्वतःचा श्वास घेतला. मला दाखवायला. मी रीतसर पावती देऊ शकलो नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. माझी जाळी पुसत राहा, माझ्यावर मेथी ठेवू नका, आणि डॉक्टरांना आपली उंची खरी सांगा. एवढं झालं तरी पुरे. बाकीचं मी कार्यालयीन मार्गाने मागतो:

प्रति, संबंधित अधिकारी, फ्लेक्स परवाना कक्ष. विषय: उंचीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, थेरगाव ते दिघी आणि तिथून चाकणपर्यंत लागणाऱ्या प्रत्येक वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, समस्त शुभेच्छुकांच्या फोटोंच्या वर, सत्कारमूर्तींची फेटा, चुंबळ व पाट वजा जाता उरणारी उंची सेंटिमीटरमध्ये ठळक छापणे तात्काळ बंधनकारक करण्यात यावे, आणि मोजमापासाठी पत्नीची सही ग्राह्य धरावी. आपला विश्वासू, व्हेंटिलेटर, थिएटर क्रमांक दोन.