कॉलर बसली नाही

मी शिवणाची मशीन बोलतेय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता थोडं माझं ऐका. तक्रार सुईबद्दल नाही, तेलाबद्दलही नाही. माणसांबद्दल आहे, आणि त्यातल्या त्यात बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल.

मी ओतली गेले एका मोठ्या कारखान्यात. ज्या भट्टीतून माझं अंग आलं, त्याच भट्टीतला लोखंडाचा रस पलीकडच्या शेडमध्ये तोफांच्या साच्यात जायचा. म्हणजे तोफा माझी सख्खी भावंडं. एवढ्या तोफा कशाला, असं एका कामगाराने विचारलं तेव्हा मुकादम म्हणाला, "शेजारचा देश करतोय म्हणून." शेजारच्या देशातही कुणीतरी हेच विचारलं असेल आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं असेल.

मला एका शिंप्याने विकत घेतलं. अरुंद रस्त्यावर त्याचं दुकान, मागे पडदा, पडद्यामागे घर. दुकानाबाहेर एक लाकडी बाक. घरात शिंपी, त्याची बायको, नवऱ्याचं घर सोडून आलेली थोरली लेक आणि धाकटा मुलगा. मुलगा इतका बारीक की अख्खी गल्ली त्याला टाचणी म्हणायची. बहीण म्हणायची, "टाचण्या, जेव जरा, नाहीतर कापडात टोचून ठेवतील आणि विसरतील."

मला चालवायचा तोच. पायडलवर त्याचा पाय पडला की मला कळायचं, आज स्वारी खुशीत आहे की बापाची बोलणी खाऊन आलीय.

बोलणी बहुतेक कॉलरवरून. या घराण्याची रीत अशी की कोटाची कॉलर बापाने हातात घेऊन "बसली" म्हटल्याशिवाय पोरगा कारागीर होत नाही. तोवर तो शिकाऊ. टाचणी कॉलर शिवायचा, बाप ती उजेडात धरायचा, एक भुवई वर करायचा. "नाही बसली. उसव."

त्या कॉलरी माझ्या सुईखालून गेल्यात. मी सांगते, बसल्या होत्या. एकदा तर टाचणी जेवायला आत गेल्यावर बापाने तोच कोट न उसवता गिऱ्हाइकाला दिला आणि शाबासकी स्वतः घेतली. पण पोराला बरं म्हटलं की पोरगं बिघडतं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बापांकडून बापांकडे असलाच माल येत राहतो, कुणी उघडून बघत नाही.

बाकावर दोघे ठरलेले. एक निवृत्त गुरुजी, दुसरा शेजारचा दुकानदार. दोघांनीही कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. दूरच्या एका बंदरात कुठल्याशा अधिकाऱ्याला गोळी घातली गेली आणि दोघांच्या अंगात वारं शिरलं.

"आता पहिला देश दुसऱ्यावर जाणार," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याला तिसऱ्याने शब्द दिलाय. तिसऱ्याशी चौथ्याचं जुनं वैर. आणि आपण चौथ्याच्या बाजूचे."

"म्हणजे भांडण दोघांचं आणि डोकी सगळ्या जगाची फुटणार?" थोरलीने काज करता करता विचारलं.

"तुला राजकारण कळायचं नाही, पोरी."

"खरंय. गल्लीत असं कुणी वागलं तर त्याला येडा म्हणतात, एवढंच कळतं मला."

दुकानदार म्हणाला, "अगं, बाजार हवा असतो देशाला. आपला माल कुठे विकायचा? एकदा धडा शिकवला की शंभर वर्षं शांतता."

शिंपी आतून मान डोलवत होता. त्याला झेंड्यांचं काम मिळालं होतं. घराघरावर लावायला इतके झेंडे की सगळं दुकान त्याच रंगात बुडालं. झेंड्याला कॉलर नसते, त्यामुळे त्या दिवसांत घरात शांतता होती. टाचणी गाणं म्हणत सरळ शिवण मारायचा. मला वाटलं, काय मजेचं काम आहे. यंत्रालाही अक्कल उशिराच येते.

झेंड्यांच्या मागोमाग गणवेश आले. टाचणी बाह्यांना आणि पँटच्या पायांना आत दाब, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, जास्त ठेवायचा.

"सरकारचं कापड वाया घालवतोस," बाप ओरडला.

"बाबा, मापं बघा ना. माझ्याच वयाची पोरं आहेत. उंची वाढेल अजून. उसवून लांब करता येईल."

मग एके सकाळी भरतीचा साहेब दुकानात आला. बाकावर गुरुजी आणि दुकानदार होतेच. साहेब सभ्य माणूस, टोपी काढून बोलला.

"काका, गणवेश शिवणाऱ्या कारागिरांना सूट आहे. त्यांना लढाईवर नेत नाही. शिकाऊ असेल त्याला जावं लागेल. तुमच्याकडे कारागीर किती?"

पडद्याआडून शिंप्याची बायको हळूच म्हणाली, "दोन म्हणा ना."

शिंप्याने ऐकलं. मी त्याच्याइतकी जवळ होते, मला ठाऊक आहे. तेवढ्यात गुरुजींनी बाकावरून तोंड घातलं, "साहेब, निर्धास्त लिहा. या दुकानात खोटं चालत नाही."

शिंप्याची छाती दोन बोटं फुगली. तिथेच घात झाला.

"एकच," तो म्हणाला. "मी."

"आणि हा मुलगा?"

"शिकतोय अजून. कॉलर बसत नाही त्याची."

टाचणीचा पाय माझ्या पायडलवर होता. तो थांबला. सुई कापडात अर्धी रुतलेली, तशीच राहिली.

साहेब गेल्यावर बायको पडदा सारून बाहेर आली. "खोटं बोलायला जीभ झडत होती का तुमची?"

"सगळ्यांचीच पोरं जातायत."

"सगळ्यांच्या बापांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं."

टाचणी कुणाशी भांडला नाही. निघताना त्याने माझ्यात तेल घातलं, पुसलं, आणि बहिणीला म्हणाला, "ताई, हिची चाक फिरवणारी वादी सैल झालीय, बघून घे. आणि खुंटीवरचा निळा कोट बाबांनी उसवायला सांगितलाय. मी नाही उसवला. त्यांना म्हणावं, तुमच्या हाताने उसवा."

मग मला थोरली चालवू लागली. गल्लीच बायकांची झाली. भट्टीवर बायका, ट्रामवर बायका, टपाल वाटायला बायका. आधी जे लोक थोरलीला नवरा टाकून आलेली म्हणून नाक मुरडायचे, तेच आता "ताई, जरा लवकर द्या हं" म्हणू लागले. कापड मिळेना. पडद्यांचे झगे झाले, झग्यांची झबली झाली. दुकानदाराच्या घरची भांडी मात्र त्या काळात नवी आली. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण काहीजण त्या आगीवर पाणी तापवून घेतात.

टाचणी गेल्याचं सांगायला दोन शिपाई आले. त्यांनी सांगितलं आणि उभेच राहिले. गुरुजींनी बाकावरून "वीरमरण" असा शब्द काढला.

शिंप्याची बायको म्हणाली, "गुरुजी, उठा. बाक धुवायचाय मला."

ते उठले. बाक तिने खरंच धुतला, आणि मग उचलून घरात ठेवला.

पुढे जुने गणवेश गठ्ठ्याने परत येऊ लागले. धुतलेले, भोकं रफू करून नव्या पोरांना द्यायचे. थोरली एकेक उलटा करून बघायची. टाचणीच्या हातचे ओळखू यायचे, दाब जास्त. तो दाब कुणी उसवलेला नव्हता. त्या पोरांना वाढायला वेळच मिळाला नव्हता.

लढाई संपली. कोण जिंकलं ते गुरुजींना विचारा. माझ्याकडे आल्या त्या रिकाम्या बाह्या, टोकाला शिवून बंद करायच्या. परतलेल्या पुरुषांना जागा हव्या म्हणून बायकांना कामावरून घरी पाठवलं. फक्त आमच्या दुकानात जागा परत घ्यायला कुणी आलंच नाही, म्हणून थोरली राहिली.

शिंपी निळा कोट घेऊन दारात बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "ही कॉलर बघा. माझ्या पोराची. कशी बसलीय." बैल गेला नि झोपा केला. लोक हो म्हणून पुढे जायचे. मला त्याची दया यायची आणि रागही, आणि राग जास्त.

आता माझा रंग उडालाय. सध्या मी झबली, टोपडी, दुपटी शिवते. पण हल्ली रस्त्यावर पुन्हा तीच भाषा आहे. शब्द दिलाय, धडा शिकवू, एकदाच. बोलणारे नवे, पण वय तेच.

परवा एक साहेब आला. झेंडे शिवायचेत म्हणाला, भरपूर. थोरलीने त्याला रस्त्यावरून येताना पाहिलं होतं. तो उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिने माझी वादी काढून खिशात घातली होती.

"मशीन चालते ना?"

"नाही. बिघडलीय."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. तेल ताजं, सुई लखलखीत. तो दारातल्या म्हाताऱ्याकडे वळला. "काका, तुमच्या दुकानात खोटं बोलत नाहीत, असं ऐकलंय. खरं सांगा, चालते का ही?"

थोरलीचा हात खिशातच होता. शिंप्याने मांडीवरचा कोट नीट केला, भुवई वर केली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"बिघडलीय," तो म्हणाला. "केव्हाचीच."

मी ठणठणीत आहे. आत्ता वादी चढवा, आत्ता धावेन. पण तुमच्याकडे कुणी चौकशी करत आलं, तर कृपा करून तुम्हीही तेच सांगा.